काहीच माहीत नसलेला माणूस

सोमवार, ६ जानेवारी
सकाळचे दहाला पाच कमी. हेडफोनच्या वायरची गाठ सोडवतो आहे. नव्या नोकरीतलं पहिलं काम हे. सुटली नाही तर कुणाला सांगू? दार लोटलेलं आहे. पलीकडे बाई आणि सर बोलतायत.

संध्याकाळ. गाठ सुटली. आता सगळं नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या घोळ करून बसेन.

बाई या संशोधनाच्या प्रमुख. अठरा वर्षं शाळेत गणित शिकवलं, मग इकडे आल्या. सर विज्ञानाचे. वर्गात टॅब आणि सेन्सर आले की मुलं खरंच जास्त विचार करतात की नुसती बोटं फिरवतात, हे दोघं मिळून शोधतायत. साठ वर्गांची रेकॉर्डिंग झाली आहेत. प्रत्येकात एक टेबल, चार मुलं. फळीवरून छोटी गाडी सोडतात, सेन्सर तिचं अंतर मोजतो आणि टॅबवर रेघ उमटते. कॅमेरा मुलांच्या तोंडाकडे आहे, टॅबचा पडदा दिसत नाही. मुद्दाम तसा लावलाय म्हणाले सर. का, ते नाही म्हणाले.

मी बघायचं, ऐकायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला एक खूण करायची. क म्हणजे कुणीतरी कारण दिलं. उ म्हणजे नुसतं उत्तर. ग म्हणजे गप्प. इ म्हणजे इतर — डबा, पेन, भांडण.

मला का घेतलं ते आज कळलं. मी झेरॉक्सच्या दुकानात होतो तेव्हा बाई कागद घेऊन यायच्या. एकदा त्यांच्या कागदावर 'विश्लेषण' चुकलेलं होतं, ते मी पेन्सिलीने बारीक दुरुस्त केलं. ओरडतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "गणित कसं आहे तुझं?" म्हटलं, दहावीला दोनदा नापास, मग सोडून दिलं. बाई म्हणाल्या, "छान." मला वाटलं टोमणा आहे. पुढच्या आठवड्यात नोकरी.

आज म्हणाल्या, "काम चोख करणारा, पण यातलं काहीच माहीत नसलेला माणूस हवा होता. कुठल्या वर्गात आम्ही काय वेगळं केलंय, काय निघावं असं आम्हाला वाटतंय, हे तुला सांगणार नाही. कळलं तर तुझ्या खुणा एका बाजूला झुकतील. तू कितीही प्रामाणिक असलास तरी."

सर म्हणाले, "काहीच माहीत नसणं ही इथली पात्रता आहे, मास्तर. आम्ही दोघं त्यात नापास झालो."

घरी मला मास्तर म्हणतात हे सरांना कसं कळलं? मग आठवलं. दुपारी आईचा फोन आला होता. ती फोनवर बोलत नाही, फोनला हाक मारते.

बुधवार, ८ जानेवारी
पलीकडच्या खोलीत चाकांचा पांढरा फळा आहे. मी चहाला आत गेलो की बाई उठून तो भिंतीकडे फिरवतात. बोलता बोलता, सहज, सदऱ्याचं बटण लावावं तसं. नियम आहे, मला माहीत आहे. तरी वाईट वाटलं. फळ्याची पाठ पाठ झाली — डावीकडे एक लांब ओरखडा, आणि कुणीतरी चिकटवलेला सफरचंदावरचा स्टिकर.

बुधवार, १५ जानेवारी
एकसष्ट.

बाई आणि मी दोघांनी तीच रेकॉर्डिंग वेगवेगळी बघून खुणा केल्या होत्या. शंभरातल्या एकसष्ट जुळल्या. ऐंशीच्या वर जुळल्याशिवाय मला एकट्याला काम देता येत नाही. घरी काही सांगितलं नाही. ताईने ओळखलं. "गणितात मिळालेत त्यापेक्षा बरेच आहेत की."

शुक्रवार, १७ जानेवारी
आज न जुळलेल्या खुणा घेऊन बाई माझ्या खोलीत बसल्या. मी तयारी करूनच बसलो होतो — म्हणायचं, बाई तुमचंच बरोबर, मी खोडतो. तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मग तुला बोलावलं कशाला? मी आरशासमोर बसले असते." आणि मलाच विचारलं, इथे 'ग' का केलंस?

मी म्हटलं, मुलगा काही बोललाच नाही.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. कानावर केस आलेला एक मुलगा, टेबलाच्या कोपऱ्यात. तोंड बंद. तिसऱ्यांदा लावलं. पाचव्या-सहाव्या वेळी मला दिसलं. त्याचा तळहात टेबलावर उताणा होता, तो हळूहळू कलता झाला, मग थांबला आणि सपाट झाला. शेजारच्या मुलीने तो हात बघितला आणि मान डोलावली.

"त्याने तिला कारण सांगितलं," बाई म्हणाल्या. "हाताने. मलाही पहिल्या दिवशी नव्हतं दिसलं. किती वेळा बघितलं ते सांगत नाही, सर हसतील."

पलीकडून सर म्हणाले, "हसून झालंय."

पुढच्या दोन ठिकाणी मात्र बाईंनी आपली खूण खोडली आणि माझी धरली. "इथे तो नुसतं पुस्तकातलं वाक्य म्हणतोय. हे कारण नाही. तुझं बरोबर." एवढ्या सहज! मोठ्या माणसाने पेन्सिल उलटी करून स्वतःचं अक्षर खोडलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

सोमवार, ३ फेब्रुवारी
चौऱ्याऐंशी. उरलेल्या सगळ्या रेकॉर्डिंगच्या खुणा आता मी एकटाच करणार. सरांनी वायरचा नवा हेडफोन दिला. म्हणाले, "याची गाठ पडली तर पगारातून नाही, झोपेतून कापू." आईने विचारलं, पास झालास का? म्हटलं, हो. किती वर्षांनी हे वाक्य बोललो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
एका रेकॉर्डिंगमध्ये दोन वेण्या घातलेली मुलगी म्हणते, "रेघ दमली." एवढंच. बाकीचे तिघे हसतात. हे कारण की गंमत? मला ठरवता येईना, म्हणून प्रश्नचिन्ह टाकून बाईंना दिलं.

बाई दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. आज आल्या. म्हणाल्या, "क कर." बस.

सरांनी मागाहून सांगितलं की त्या तिच्या शाळेत जाऊन आल्या. जायला दीड तास बस, यायला दीड. मुलीच्या बाकाशेजारी बसल्या आणि तिला विचारलं, तू त्या दिवशी काय म्हणाली होतीस ग, मला नीट कळलं नाही. "एका अक्षरासाठी," सर म्हणाले, "आणि वर मुलीची माफी मागून आल्या, तिचा खेळाचा तास बुडाला म्हणून." मुलीने काय सांगितलं ते मला अर्थातच सांगितलं नाही.

मला शाळेत कुणी असं विचारलं असतं तर? मी भिंतीला टेकून बसायचो आणि घंटेची वाट बघायचो. असो.

सोमवार, १७ फेब्रुवारी
मी काही केलं नाही. हे आधी लिहून ठेवतो.

नियम असा की रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकायचं. दुपारी जेवणानंतर एक लावलं. घंटा झाली, मुलं उठली, बाकं सरकली. दुसरा कुणी तिथेच थांबला असता. मी नाही थांबलो. नंतर कुणाची तरी पावलं, आणि बाईंचा आवाज. वर्गशिक्षिकेशी बोलत होत्या. यंत्र बंद करायचं राहून गेलं असणार. असा शेवटचा भाग सर कापून मग मला देतात. हा कापायचा राहिला.

बाई म्हणत होत्या, "अर्ध्या वर्गांत खरी रेघ लगेच दिसते. अर्ध्यांत पडदा कोरा ठेवलाय. गाडी सोडायच्या आधी मुलांनी बोटाने रेघ काढायची, त्यांना वाटते तशी. मग खरी सोडायची. बघा, ही मी काढली… आता सोडते."

टुण — असा बारीक आवाज.

"कोऱ्या पडद्यापाशी पोरं कारणं देणारच. न देऊन सांगतात कुणाला? आणि तसं नाही निघालं तर माझी सहा वर्षं गेली म्हणायची." हसल्या. मग यंत्र बंद झालं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. चोरी केल्यासारखं वाटतंय. कशाची?

मंगळवार, १८ फेब्रुवारी
तो टुण माझ्या कानात बसलाय. आधीही काही रेकॉर्डिंगमध्ये तो होता. माझ्या लेखी तो खुर्चीचा, पंख्याचा, कशाचाही आवाज होता. आज सकाळी लावलं आणि दुसऱ्याच मिनिटाला — टुण. म्हणजे खरी रेघ मागाहून सोडली, म्हणजे कोरा पडदा. पुढच्यात नाही. म्हणजे दुसरे.

आता मला सगळं माहीत आहे. न सांगता.

ठरवलं आहे की मनावर घ्यायचं नाही. माझं काम खुणा करायचं, मी खुणा करीन.

गुरुवार, २० फेब्रुवारी
मनावर घेतल्याशिवाय राहत नाही.

आज एक गोष्ट केली. जानेवारीत केलेलं एक टुणवालं रेकॉर्डिंग काढलं, जुन्या खुणांवर वही उपडी ठेवली आणि नव्याने खुणा केल्या. मग वही उचलली. यावेळी पाच 'क' जास्त. एकही कमी नाही. मुलगी म्हणते, "म्हणजे… ती… हळू," आणि मी जानेवारीत 'उ' केलं होतं. आज मला त्यात कारण ऐकू आलं. खरंच ऐकू आलं! मी लबाडी केली नाही. तेच तर भयंकर आहे. लबाडी असती तर थांबवता आली असती.

बाई पहिल्या दिवशी हेच म्हणाल्या होत्या. मला वाटलं होतं, ते माझ्यापेक्षा कच्च्या माणसासाठी असेल.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
दुपारी जिन्यावरून शीळ ऐकू आली. मला वाटलं खालच्या दुकानातला पोऱ्या. बघतो तर बाई! पदर खोचलेला, हातात संत्र्यांची पिशवी, आणि झकास शीळ. माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवून गेल्या. सर म्हणाले, "आज बाई शिळेवर आहेत. लेक सुट्टीला येणार असेल."

मला संत्रं खाववेना. खिशात घालून घरी आणलं. ताईने खाल्लं.

आज सांगणार होतो. एवढ्या खुशीत असलेल्या माणसाला कसं सांगायचं? सोमवारी बघू. सांगितलं तर १७ तारखेपासूनची अकरा रेकॉर्डिंग वाया. आणि मीही वाया, कारण मला ठेवलं होतं ते माहीत नसण्यासाठी. एप्रिलमध्ये बाईंना शिक्षण मंडळापुढे अहवाल मांडायचा आहे. कोरा पडदा सगळ्या शाळांत न्यायचा की नाही, ते मंडळ ठरवणार.

नाही सांगितलं तर काहीच होणार नाही. कुणाला कळणार नाही. बाईंना हवं तेच निघेल.

शनिवार, २२ फेब्रुवारी
ताईला सांगितलं. ती इस्पितळात परिचारिका आहे, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, माझी पण ऐकली. मग म्हणाली, "कुणी विचारलंय का तुला?"

"नाही."

"तुझ्या बाई चांगल्या आहेत ना?"

"खूप."

"मग त्या जिंकल्या तर तुझं काय जातं?"

मग तीच पुढे म्हणाली, "आमच्याकडे नवीन औषध देताना कुणाला खरं आणि कुणाला साधी गोळी, हे नर्सला पण सांगत नाहीत. मला एकदा कळलं होतं. मी त्या म्हातारबाबांना रोज म्हणायचे, आज तुम्ही बरे दिसताय हं. दिसत होते मला ते बरे."

"मग?"

"मग काय. नव्हते."

आई शिलाई मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "तुमचं ते गोळ्यांचं आणि रेघांचं मला कळत नाही. पण हा तीन दिवस जेवलेला नाही. सांगून टाक म्हणावं. आणि चहाच्या आधी सांग. चहा झाला की तुझी जीभ बसते."

सोमवार, २४ फेब्रुवारी
चहाच्या आधी सांगितलं.

दारातच उभा राहिलो. बाईंनी सवयीने फळा फिरवला. मी म्हटलं, बाई, फिरवू नका, मला माहीत आहे. मग सगळं बोललो — रेकॉर्डिंगचं न कापलेलं शेपूट, टुण, पाच 'क'.

बाई ऐकून घेत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. मी संपवल्यावर एकच विचारलं, "कुठल्या तारखेपासून?"

"सतरा. जेवणानंतर."

"त्याच्या आधी काही?"

"नाही."

पेन घेऊन कागदावर १७ लिहिलं. खाली रेघ मारली. मग खिडकीपाशी गेल्या आणि गजाला धरून थोडा वेळ बाहेर बघत राहिल्या. बाहेर काही नव्हतं, समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. मला वाटलं, आता वळतील आणि जा म्हणतील. वळल्या आणि सरांना हाक मारली.

सर आले, ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसले. "शेपूट कापायचं मी विसरलो. बाई, हे माझं आहे. मास्तर, तू कशाला घाम पुसतोयस?"

"आजचा घाम दोघांनी अर्धा अर्धा वाटून घ्या," बाई म्हणाल्या. "सतरापासूनची अकरा बाहेर काढा. ती आणि उरलेली, दुसऱ्या माणसाकडून. काहीच माहीत नसलेल्या."

"वेळ?" सरांनी विचारलं.

"कमी आहे," बाई म्हणाल्या. जसं काही, मीठ कमी आहे.

मी विचारलं, "मग मी उद्यापासून…"

"तू इकडे ये. इथे उभा राहा." आणि त्यांनी फळा माझ्याकडे फिरवला. चाक करकरलं. सात आठवडे मी त्याची पाठ बघत होतो. पुढच्या बाजूला रेघा होत्या, बाण, मुलांची वाक्यं, वर्गांची चित्रं, आणि एका कोपऱ्यात चौकटीत — रेघ दमली.

"आठवडेच्या आठवडे तुझ्यासमोर तोंड बंद ठेवायला मला किती त्रास झालाय, तुला कल्पना नाही," बाई म्हणाल्या. "शिकवणारी बाई आहे रे मी. तू दारात उभा राहायचास आणि तुझ्या चेहऱ्यावर दर वेळी प्रश्न असायचा. आता विचार."

मी काय विचारलं असेल? त्या मुलीने काय सांगितलं, हे.

"मी तिला विचारलं, रेघ कशी दमते? तर मलाच म्हणाली, रेघ कशी दमेल बाई? गाडी दमली की रेघ झोपते, ती वर जात नाही." बाईंनी हाताने दाखवलं. "अठरा वर्षं मी हे फळ्यावर लिहून शिकवलं. एवढं चांगलं कधी नाही जमलं."

मंगळवार, २५ फेब्रुवारी
नोकरी आहे! आता शेपटं कापायचं काम माझं. त्यात सरांचा स्वतःवर विश्वास उरलेला नाही.

दुपारी सरांनी फळी मांडली. फळी म्हणजे जुन्या कपाटाच्या खणाची पट्टी, गाडीला चाकं खेळण्याची, सेन्सर चिकटपट्टीने लावलेला. "परदेशी उपकरण मागवायला गेलो असतो तर मुलं म्हातारी झाली असती," म्हणाले. टॅब माझ्या हातात दिला. पडदा कोरा. "काढ. गाडी वरून सोडली की कशी रेघ येईल? सेन्सर वरच्या टोकाला आहे, गाडी त्याच्यापासून किती लांब गेली ते मोजतो."

सोपं होतं. गाडी खाली जाते. मी डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली जाणारी रेघ काढली. फळीसारखीच, छान तिरकी.

सरांनी गाडी सोडली. टुण.

रेघ वर गेली. आधी जमिनीला चिकटून, मग वाकून वर.

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. बाई हाताची घडी घालून उभ्या, सर छताकडे बघत. शाळेत अशा वेळी लगेच कुणीतरी उत्तर सांगायचं आणि पुढचा पाठ. इथे कुणी सांगेना. मी माझ्या रेघेकडे बघत राहिलो. ती कशाची होती? फळीची. मी फळीचं चित्र काढलं होतं!

म्हटलं, "हे गाडीचं चित्र नाही. हे लांबीचं आहे. गाडी खाली गेली तरी सेन्सरपासून लांबच जाते, म्हणून रेघ वर. आणि आधी हळू सरकते म्हणून ती आडवी, मग वेग घेते म्हणून उभी होत जाते."

सर म्हणाले, "मास्तर. क."

बाई खिडकीकडे वळल्या होत्या. हसत असाव्यात. पाठमोरं माणूस हसतंय हे खांद्यावरून कळतं, हेही मी इथेच शिकलो, रेकॉर्डिंग बघून.

सोमवार, ३ मार्च
माझ्या जुन्या खोलीत आता काका बसतात. निवृत्त टपालवाले, सरांच्या इमारतीतले. बाईंनी त्यांना पहिल्या दिवशीचं सगळं सांगितलं, काय सांगणार नाही तेही. काका म्हणाले, "चौतीस वर्षं उघडी पोस्टकार्डं वाटली. पत्ता सोडून एक अक्षर वाचलं नाही. बायको अजून विश्वास ठेवत नाही."

चहाला काका आत आले. मी उठलो आणि फळा भिंतीकडे फिरवला. काकांचा चेहरा किंचित पडला. मला सांगावंसं वाटलं, काका, हा अपमान नाही. पण तेही सांगायचं नसतं.

बुधवार, १२ मार्च
काका आणि बाई — ब्याऐंशी. काकांनी विचारलं, शंभर कधी होतात? सर म्हणाले, "दोघांचं शंभर जुळलं तर पोलिसांत जायचं. एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं असणार."

मी रोज काकांना द्यायच्या आधी रेकॉर्डिंग तीनदा तपासतो. दोनदा शेपूट, एकदा डोकं. बाई म्हणाल्या, एकदा पुरे. तरी तीनदा.

सोमवार, ७ एप्रिल
आकडे आले.

फरक नाही. कोरा पडदा असलेले वर्ग आणि लगेच रेघ दिसणारे वर्ग, दोन्हींकडे कारणं जवळपास सारखी. सरांनी दोनदा मोजलं, मग मला मोजायला लावलं — मला! तेच आलं.

सहा वर्षं.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता. मग म्हणाल्या, "असंच लिहायचं." सर म्हणाले, "दुसऱ्या तऱ्हेने मांडून बघता येईल. नुसत्या मोठ्या शाळा घेतल्या तर—" बाई म्हणाल्या, "सर." सरांनी कागद मिटला. नंतर लाजल्यासारखे मला म्हणाले, "मी काही ऐकवलं नाही हं तुला."

मग बाई उठून फळ्यापाशी गेल्या. म्हणाल्या, "पण हे बघा. दोन्हींकडे, जिथे 'क' सलग येतात, तिथे शिक्षक टेबलापासून लांब असतात. हे मी बघितलंच नव्हतं. मी पडद्याकडेच बघत बसले." आणि लिहायला लागल्या. सहा वर्षं गेल्याच्या दिवशी, दुपारी चार वाजता! मी फळा धरून उभा राहिलो, कारण चाक सरकतं.

बुधवार, ९ एप्रिल
मंडळापुढे बाईंनी अहवाल मांडला. मी वायरी लावायला गेलो होतो. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, एसी इतका की सरांना शिंका.

बाईंनी सरळ सांगितलं की फरक दिसला नाही. अकरा रेकॉर्डिंग का बदलावी लागली तेही सांगितलं. "आमची एक चूक झाली, ती आमच्या माणसाने लगेच सांगितली." माझं नाव घेतलं नाही. माझे कान तापले.

लगेच नाही सांगितली. आठवडा गेला. हे बाईंना माहीत आहे.

एक जण म्हणाले, "सहा वर्षांत एवढंच? मग टॅब घ्यायचे की नाही घ्यायचे?"

बाई म्हणाल्या, "ते मी मोजलेलं नाही. जे मोजलं ते सांगितलं. मोजायला सांगितलंत तर तेही मोजेन, पण तोवर विचारू नका."

संशोधनाला आणखी दोन वर्षं मागितली होती, एकच मिळालं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "अर्धा ग्लास." बाई म्हणाल्या, "पाणी तर आहे. चला, बस चुकेल." जूनपासून नवं काम — शिक्षक टेबलापासून लांब गेले की काय होतं. यावेळी वर्गात कॅमेरा घेऊन मी जाणार आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "मास्तर शाळेत चालला."

शुक्रवार, ११ एप्रिल
जिन्यात सर भेटले. फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी बाई शीळ का घालत होत्या, माहितेय का, म्हणाले. म्हटलं, लेक येणार होती. "लेक कुठली. त्या दिवशी सकाळी तोपर्यंतचे सगळे आकडे मांडले होते आम्ही. तुझी त्या आठवड्यातली रेकॉर्डिंग धरून. कोरा पडदा जिंकत होता, मास्तर. चांगला घसघशीत."

म्हणजे सोमवारी मी दारात उभा राहिलो तेव्हा बाई जिंकलेल्या होत्या. आणि त्यांना ते माहीत होतं.

"कुठल्या तारखेपासून?" एवढंच विचारलं त्यांनी.